पांदण, पऱ्हाटी आणि पंधरा डॉलर

बाबांची सगळी नोकरी खामगावच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये गेली. फाटकातून आलेल्या गाडीतला मूठभर कापूस उचलायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायचा, धाग्याची लांबी नजरेनं मापायची आणि भाव सांगायचा. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी कापूस दिसला की त्यांची बोटं आपोआप चिमटीत येतात. हे आधीच सांगते, कारण आमची ही सहल ठरली लढायांसाठी आणि बघता बघता गेली कापसावर.

दसरा झाला होता, दिवाळीला अवकाश होता. आई-बाबांचं नायगारा आणि न्यूयॉर्क मागच्या खेपेलाच झालेलं. आम्ही राहतो उत्तर व्हर्जिनियात. मंदार म्हणाला, "आपल्या आजूबाजूला धबधबे नाहीत बाबा, लढाया आहेत." खरंच आहे ते. अमेरिकेची यादवी १८६१ ते १८६५ अशी चार वर्षं चालली. अकरा दक्षिणी राज्यं फुटून निघाली, जुन्या मोजणीप्रमाणे ६,२०,००० सैनिक मेले (नव्या मोजण्या हा आकडा आणखी वर नेतात), आणि त्यातल्या कितीतरी ठळक जागा आमच्या घरापासून तीन-चार तासांच्या आत येतात.

बाबांनी विचारलं, "काहून लढले हे लोक आपसात?"

"गुलामगिरीवरून."

"अन् गुलाम काय करत होते?"

"बरेचसे कापूस वेचायचे."

बाबा खुर्चीत पुढे सरकले. झालं, सहल पक्की.

मॅनॅसस आमच्या घरापासून अर्ध्या तासावर आहे, ते आधीच पाहून झालं होतं. २१ जुलै १८६१ ची पहिली मोठी लढाई तिथली. वॉशिंग्टनचे हौशी लोक खाण्याच्या टोपल्या घेऊन ती बघायला गेले आणि संध्याकाळी पळणाऱ्या सैनिकांच्या गर्दीत अडकले. त्या लढाईच्या तोंडावर विल्मर मॅक्लीन नावाच्या गृहस्थाच्या घरात दक्षिणेच्या सेनापतीचा मुक्काम होता आणि तोफेचा एक गोळा थेट त्याच्या चुलीत येऊन पडला होता. हे नाव लक्षात असू द्या, शेवटच्या दिवशी लागेल.

पहिला दिवस : हार्पर्स फेरी

गाडी वर डोंगरावर लावायची आणि पार्कच्या बसनं खाली गावात उतरायचं. खाली शेनँडोआ आणि पोटोमॅक या दोन नद्यांचा संगम. आईनं उतरल्या उतरल्या हात जोडले. संगम म्हटलं की तिचे हात जुळतातच, मग तो कुठल्याही देशातला असो.

इथं सरकारी शस्त्रांचा कारखाना होता. १६ ऑक्टोबर १८५९ च्या रात्री जॉन ब्राउन नावाचा गोरा, म्हातारा, अत्यंत देवभोळा माणूस एकवीस साथीदार घेऊन त्यावर चालून आला. शस्त्रं ताब्यात घ्यायची, आसपासच्या गुलामांच्या हाती द्यायची आणि डोंगरात शिरून बंड पसरवायचं, असा बेत होता. बेत दीड दिवसात संपला. ब्राउन आणि उरलेले साथीदार बंबखान्यात कोंडले गेले आणि सरकारी नौसैनिकांनी दार फोडून त्यांना पकडलं. त्या नौसैनिकांवर हुकूम चालवत होता कर्नल रॉबर्ट ई. ली. होय, पुढे दक्षिणेचा सरसेनापती झाला तोच. तेव्हा तो अजून सरकारी फौजेत होता. ब्राउनला २ डिसेंबरला फाशी झाली. वर्षभरात लिंकन निवडून आला आणि १८६० च्या डिसेंबरात साउथ कॅरोलायना फुटून निघालं.

या छाप्यातला पहिला बळी मात्र एक स्वतंत्र काळा माणूस होता, हेवर्ड शेपर्ड, रेल्वे स्टेशनवर सामान सांभाळणारा. ब्राउनच्याच माणसांच्या गोळीनं गेला. बाबा त्या फलकापाशी बराच वेळ उभे राहिले.

तो बंबखाना अजून आहे. विटांची बैठी इमारत, तीन मोठी दारं, आमच्या गावच्या चावडीएवढी. तिचं नशीब चमत्कारिक. १८९३ च्या प्रदर्शनासाठी ती सुटी करून शिकागोला नेली, मग परत आणून एका शेतात उभी केली, तिथून एका कॉलेजच्या आवारात, आणि १९६८ मध्ये पुन्हा खाली गावात, मूळ जागेपासून थोडी बाजूला.

दारात आई थबकली. "चपला काढाच्या का?" मी हसून नको म्हणणार, इतक्यात शेजारी उभ्या असलेल्या रेंजरबाईंनी काय म्हणतायत म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "१९०६ मध्ये इथे जमलेल्या काळ्या पुढाऱ्यांनी बूट-मोजे काढले होते. ही इमारत तेव्हा शेतात होती, तिथपर्यंत ते अनवाणी चालत गेले." नायगारा मूव्हमेंट नावाच्या संघटनेची सभा होती ती, डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस त्यांत होते. मी हे आईला सांगेपर्यंत तिनं चपला काढून झालेल्या होत्या.

मंदारला इथं जोतीराव आठवले. 'गुलामगिरी' १८७३ मध्ये निघाली, आणि तिची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना आहे ज्यांनी गुलामांना मोकळं करायला कष्ट उपसले. शाळेत हे वाक्य दोन मार्कांसाठी पाठ केलं होतं. पुण्यात बसलेल्या माणसानं इतक्या दूरच्या लढाईकडे आपली म्हणून पाहिलं होतं, हे त्या विटांपुढे पहिल्यांदा नीट कळलं.

नदीकाठच्या बाकावर धपाटे आणि ठेचा. समोरच्या पुलावरून मालगाडी गेली, डबे मोजण्यात बाबांचं जेवण गार झालं.

(आई-वडील व्हिजिटर व्हिसावर असतील तर राष्ट्रीय उद्यानांचा ज्येष्ठांचा पास त्यांना मिळत नाही, तो इथले नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांसाठीच आहे. हार्पर्स फेरी आणि अँटीटमला प्रवेशशुल्क आहे, गेटिसबर्गच्या रणभूमीला नाही.)

दुसरा दिवस : अँटीटम

रात्रीच्या मोटेलबद्दल एवढंच सांगते, हीटर बंद होता आणि काउंटरवरच्या मुलानं आणखी एक ब्लँकेट देऊन विषय संपवला. सकाळी दाट धुकं होतं. शार्प्सबर्ग गाव म्हणजे एक लांब रस्ता आणि दोन्ही बाजूला जुनी घरं. गाव संपलं की शेतं.

१७ सप्टेंबर १८६२. अमेरिकेच्या इतिहासात एका दिवसात एवढी माणसं कधी पडली नाहीत : मेलेले, जखमी, बेपत्ता मिळून सुमारे २३,०००. पहाटे मक्याच्या शेतात सुरुवात झाली. उत्तरेच्या जनरल हूकरनं नंतर लिहिलं की ताटन् ताट सुरीनं छाटावं तसं छाटलं गेलं होतं. पार्कवाले आजही तिथं मका लावतात. आम्ही गेलो तेव्हा तो वाळून उभा होता, धुक्यातून नुसता खसखस आवाज यायचा. बाबा म्हणाले, "राखणीले बसल्यावर असाच आवाज येते रात्री."

शेतापासून थोडं पुढे पांढरं, कळस नसलेलं घरासारखं देऊळ आहे. डंकर नावाच्या जर्मन पंथाचं, ज्यांना शस्त्र हातात धरणंच मंजूर नव्हतं. लढाई नेमकी त्यांच्या दारात येऊन पडली.

पुढे 'सन्कन रोड'. मंदार नकाशा वाचून सांगत होता, 'खचलेला रस्ता', वर्षानुवर्षं गाड्यांच्या चाकांनी खोल गेलेला... बाबा खाली उतरले, दोन्ही बाजूंच्या बांधाकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे पांदण हाये ना!"

पांदणच. दोन शेतांच्या मधली, माणूस उभा राहिला तर छातीपर्यंत झाकला जाईल अशी, वर लाकडी कुंपण. दक्षिणेच्या शिपायांनी तिचा खंदक केला आणि वरून येणाऱ्या रांगा तीन तास टिपल्या. मग उत्तरेच्या लोकांना एका टोकाकडून आत मारा करता आला आणि खंदकाचा कोंडवाडा झाला. दोन्हीकडचे मिळून साडेपाच हजार त्या एका पट्ट्यात पडले. तेव्हापासून तिचं नाव 'ब्लडी लेन'. आता गवत आहे, मऊ, दवानं ओलं. माझे कॅनव्हासचे बूट पाचच मिनिटांत चिंब झाले. आई खाली उतरलीच नाही. "मी वरूनच पाहतो," म्हणाली.

या लढाईची एक गोष्ट मंदारनं इतकी रंगवून सांगितली की मागच्या पर्यटकांनीही कान दिले, मराठीत असूनही. लढाईच्या चार दिवस आधी उत्तरेच्या एका शिपायाला शेतात तीन सिगारी सापडल्या, कागदात गुंडाळलेल्या. तो कागद म्हणजे लीचा गुप्त हुकूम, कोणती तुकडी कुठे जाणार ते सगळं त्यात. एवढं घबाड हाती लागूनही उत्तरेचा सेनापती मॅक्लेलन सावकाशच हलला. लढाईनंतर लीला नदीपार परत जाऊ दिलं, पाठलाग केला नाही. नोव्हेंबरात लिंकननं त्याला घरी बसवलं.

निकाल म्हणाल तर रणांगणावर बरोबरी. पण ली माघारी गेला, एवढं लिंकनला पुरलं. गुलाममुक्तीच्या घोषणेचा मसुदा जुलैपासून त्याच्याकडे पडून होता. हरत असताना काढला तर रडीचा डाव वाटेल, एखादा विजय मिळेपर्यंत थांबा, असं परराष्ट्रमंत्री सीवर्डनं सुचवलं होतं. अँटीटमनंतर पाचव्या दिवशी, २२ सप्टेंबरला, घोषणा निघाली : १ जानेवारी १८६३ पासून बंडखोर राज्यांतले गुलाम मुक्त. आता इंग्लंड-फ्रान्सला दक्षिणेची उघड बाजू घेणं अवघड झालं. गंमत अशी, की आम्ही उभे होतो ते मेरीलँड बंडखोर नव्हतं. म्हणजे ज्या शेतावर ही घोषणा जिंकली गेली, त्या शेतावरचा गुलाम गुलामच राहिला, १८६४ च्या नोव्हेंबरात राज्यानं स्वतःची घटना बदलेपर्यंत.

इंग्लंडचं नाव निघालं आणि बाबांना मोकळं रान मिळालं. दक्षिणेची समजूत होती की आपल्या कापसावाचून लँकेशायरच्या गिरण्या बंद पडतील आणि इंग्लंड आपल्या मदतीला धावेल. म्हणून सुरुवातीला त्यांनी आपण होऊनच माल रोखला, मग उत्तरेनं बंदरं कोंडली. गिरण्या खरंच बंद पडल्या, मजूर उपाशी राहिले. पण इंग्लंडनं इजिप्तकडे आणि मुंबईकडे तोंड वळवलं. "अन् मुंबईत कापूस येत कुठून होता?" बाबा विजयी मुद्रेनं. वऱ्हाडातून, खानदेशातून, गुजरातेतून. गाद्या उसवून कापूस विकला लोकांनी, असं सांगतात. पैसा इतका आला की मुंबईत शेअरचं वेड लागलं, समुद्र बुजवण्याच्या कंपन्या निघाल्या, प्रेमचंद रायचंद कापसाचा राजा झाला. १८६५ मध्ये लढाई संपल्याची बातमी पोचली आणि सगळा फुगा फुटला.

"म्हणजे दक्षिण हरली आपल्या कापसापाई!"

मंदारनं हळूच टाचणी लावली. लँकेशायरच्या मजुरांना आपला कापूस मुळीच आवडत नव्हता, आखूड धाग्याचा, कचऱ्याचा. देवा, कापूस दे, पण सुरती नको, अशी प्रार्थना ते करत म्हणे. बाबा गप्प झाले. गाडीत बसल्यावर म्हणाले, "कचरा व्यापारी घालत होते. कास्तकार नाही."

तिसरा दिवस : गेटिसबर्ग

इथला एकच सल्ला देईन, परवानाधारक गाइड घ्या. तो तुमच्याच गाडीत बसतो, हवं तर गाडीही तोच चालवतो. आधी नोंदणी करावी लागते. आमच्या वाट्याला आल्या सत्तरीच्या एक निवृत्त शिक्षिका, हातात रूळ घेतलेल्या. मंदारला मागे बसवून त्यांनी चावी घेतली आणि बाबांना शेजारी बसवलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तीन तास छान जमलं.

१, २ आणि ३ जुलै १८६३. ली दुसऱ्यांदा उत्तरेत शिरला होता. २,४०० वस्तीच्या गावाभोवती दीड लाखाहून जास्त सैनिक भिडले आणि तीन दिवसांत सुमारे ५१,००० मेले, जखमी झाले किंवा सापडले नाहीत. पहिला दिवस दक्षिणेचा. दुसऱ्या दिवशी लिटल राउंड टॉप नावाच्या टेकडीसाठी झुंज. ती टेकडी आम्ही चढलो. आधीच्या आयुष्यात कॉलेजात प्राध्यापक असलेला कर्नल चेंबरलेन तिथं डाव्या टोकाला होता. काडतुसं संपत आली तेव्हा त्यानं संगिनी लावून उतारावर धाव घ्यायला लावली. वरून खालचे धोंडे दिसतात, घराएवढे, एकमेकांवर रचल्यासारखे. नाव 'डेव्हिल्स डेन'. त्यावर शाळेची पोरं उड्या मारत होती.

तिसऱ्या दिवसाचं मात्र वाचून कळत नाही, चालावं लागतं. गाइडबाई आई-बाबांना घेऊन गाडीनं पलीकडे गेल्या आणि आम्ही दोघं लीच्या पुतळ्यापासून निघालो. समोर मैलभर मोकळं रान, टोकाला झाडांचं एक छोटं झुडपं. ३ जुलैच्या दुपारी सुमारे १२,५०० माणसं खांद्याला खांदा लावून त्या झुडपाच्या रोखानं निघाली. आम्ही गवतात कापलेल्या पायवाटेनं चालत होतो. दुरून सपाट दिसणारं ते रान सपाट नाही. मध्येच खोलगट येतं, समोरचं सगळं नाहीसं होतं, फक्त गवत आणि नाकतोडे. त्या खोलगटात जिवाला बरं वाटतं. चार पावलं वर आलं की तोफा एकदम जवळ. मग एमिट्सबर्गचा रस्ता आणि त्याचं आडव्या दांड्यांचं कुंपण. मी ते ओलांडताना जीन्स अडकली. एवढं अडकायला लागलेला वेळ त्यांना नव्हता. आम्हाला सगळं मिळून पंचवीस मिनिटं लागली. त्यांच्यातले निम्म्याहून जास्त परतले नाहीत, किंवा धड परतले नाहीत. दुसऱ्याच दिवशी, ४ जुलैला, दूर मिसिसिपी नदीवर व्हिक्सबर्गही उत्तरेच्या जनरल ग्रँटच्या हाती पडलं.

पलीकडे पोचलो तर सगळे एका छोट्या पांढऱ्या घरापाशी. हल्ल्याचं डावं टोक जिथं येऊन आपटलं, त्या कडेला अगदी रांगेतच हे घर आहे. अब्राहम ब्रायन नावाच्या स्वतंत्र काळ्या शेतकऱ्याचं. बारा एकर, थोडा गहू, फळझाडं. लीची फौज येते आहे कळताच तो कुटुंब घेऊन पळाला. कारण पेनसिल्व्हेनियात शिरलेले ते सैनिक काळे लोक दिसतील तिथं धरत होते, स्वतंत्र असोत की पळून आलेले, आणि दक्षिणेत गुलामीत पाठवत होते. परतला तेव्हा पीक गेलेलं, कुंपण गेलेलं, झाडं गेलेली, भिंतींना भोकं. त्यानं सरकारकडे १,०२८ डॉलरची भरपाई मागितली. मिळाले १५.

मी भाषांतर केल्यावर बाबांनी पुन्हा आकडा विचारला. "पंधरा?" मग गाइडबाईंकडे वळून मराठीतच म्हणाले, "आमच्याकडे पीकविम्याचं असंच हाये." मी तेही भाषांतर केलं. बाईंनी रूळ काखेत धरला आणि बाबांचा हात हातात घेऊन दाबला.

या रानात १,३०० च्या वर स्मारकं आहेत. रेजिमेंटांची, सेनापतींची, घोड्यांवरची, घोड्यांविनाची. कोण लढलं, किती पडले, सगळं कोरलेलं. बाबांचा पहिल्या दिवशीचा प्रश्न, काहून, त्याचं उत्तर दगडांवर फार थोड्या ठिकाणी सापडतं. दक्षिणेच्या दगडांवर तर बहुतेक शौर्य आणि कर्तव्यच.

आईला लढाईत रस नव्हता, पण जेनी वेडचं घर तिनं सोडलं नाही. वीस वर्षांची मुलगी. बहीण नुकतीच बाळंत झालेली, म्हणून ही तिच्या घरी आलेली. ३ जुलैच्या सकाळी पावासाठी कणीक मळत असताना गोळी दोन दारं भेदून आली. तीन दिवसांच्या त्या रणात थेट गोळी लागून मेलेली गावातली ती एकटीच. आई परातीच्या आकाराच्या त्या लाकडी काथवटीसमोर उभी राहून म्हणाली, "बाळंतिणीसाठी करून रायली होती वं लेक."

संध्याकाळी सैनिकांचं कब्रस्तान. १९ नोव्हेंबर १८६३ ला इथं एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलला आणि त्यानंतर लिंकन दोन मिनिटं. अनोळखी सैनिकांच्या थडग्यांवर नाव नाही, संगमरवराचा वीतभर चौकोन आणि त्यावर फक्त नंबर.

जेवणाचं म्हणाल तर शाकाहाऱ्यांनी फार आशा ठेवू नये. हा सगळा सफरचंदाचा मुलूख आहे, रस्त्याकडेच्या दुकानात गरम सायडर डोनट मिळतात, दालचिनी-साखरेत घोळवलेले. बाबांनी चार खाल्ले. "गुलगुले आहेत," हा निवाडा.

चौथा दिवस : पाऊस

दिवसभर पाऊस, वॉशिंग्टनच्या अलीकडे-पलीकडे वाहनांची रांग. फ्रेडरिक्सबर्ग सोडून दिलं. रिचमंडला पोचेपर्यंत चार वाजले. दक्षिणेची राजधानी ही. मॉन्युमेंट ॲव्हेन्यूवर चक्कर मारली. १८९० मध्ये, म्हणजे लढाई संपून पंचवीस वर्षांनी, तिथं लीचा प्रचंड अश्वारूढ पुतळा उभारला होता. सप्टेंबर २०२१ मध्ये तो उतरवला. आता गोल मोकळी जागा आहे आणि गाड्या अजूनही तिला वळसा घालून जातात. ४ एप्रिल १८६५ ला, शहर पडल्याच्या दुसऱ्या दिवशी, लिंकन धाकट्या टॅडचा हात धरून या शहरात पायी फिरला होता. त्या दिवशी पोराचा बारावा वाढदिवस होता. रात्री डोसा मिळाला. आईनं देवाचे आभार मानले, मी डोसेवाल्याचे.

पाचवा दिवस : पीटर्सबर्ग आणि पऱ्हाटी

मला विचाराल तर या युद्धाचं खरं वळण तोफांनी घेतलेलं नाही, मतपेटीनं घेतलं. १८६४ च्या जूनपासून ग्रँट पीटर्सबर्गला वेढा घालून बसला. वेढा नऊ महिन्यांवर चालला. ३० जुलैला उत्तरेनं एक अफाट प्रयोग केला. पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा खाणीतले कामगार फौजेत होते, त्यांनी शत्रूच्या मोर्च्याखाली ५११ फूट लांब भुयार खणलं, चार टन दारू भरली आणि पहाटे उडवून दिली. खड्डा अजून आहे, गवतानं भरलेला, काठावरून पाहिलं तर कोरडं गावतळं वाटावं.

हल्ल्यात पुढे राहण्याची तालीम काळ्या सैनिकांच्या तुकडीला दिली होती. आदल्या दिवशी सेनापतींनी बेत बदलला. डाव फसला तर काळ्यांना मुद्दाम मरायला पुढे केलं असं लोक म्हणतील, ही भीती. म्हणून तालीम नसलेली गोरी तुकडी पुढे गेली, ती खड्ड्याला वळसा घालण्याऐवजी खड्ड्यातच उतरली आणि अडकली. मग काळी तुकडी पाठवली. शरण आलेल्या कितीतरी काळ्या सैनिकांना तिथंच मारलं गेलं.

त्या उन्हाळ्यात उत्तर थकली होती. निवडणूक नोव्हेंबरात, आणि समोर उमेदवार कोण, तर तोच हाकललेला मॅक्लेलन. त्याच्या पक्षाचा जाहीरनामा तहाच्या बाजूचा. २३ ऑगस्टला लिंकननं, आपण बहुधा हरणार, असं कागदावर लिहून मंत्र्यांकडून तो न वाचताच सह्या घेतल्या. २ सप्टेंबरला अटलांटा पडलं आणि वारं फिरलं. नोव्हेंबरात लिंकन जिंकला, छावण्यांमधून मत देणाऱ्या सैनिकांची भरघोस मतं त्यालाच. मत दिलं की लढाई लांबणार, आपणच मरणार, हे त्यांना माहीत होतं. ३१ जानेवारी १८६५ ला गुलामगिरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती खालच्या सभागृहात मंजूर झाली.

हे सगळं मी खड्ड्याच्या काठावर सांगत होते. बाबा ऐकत होते, पण त्यांना आता दगड आणि खड्डे पुरे झाले होते. "कापूस कुठं दिसत नाही मले."

मंदारनं फोनवर काहीतरी शोधलं आणि गाडी ४६० नंबरच्या रस्त्यानं आग्नेयेला घातली. वेकफील्डच्या अलीकडे, पाइनची झाडं संपली आणि डाव्या हाताला पांढरं शेत. बाबा जवळजवळ ओरडले, "पऱ्हाटी!"

पानं झडलेली, गुडघ्याच्या वर उंची, बोंडं तटतटून फुटलेली. शेताच्या दुसऱ्या टोकाला यंत्र चालू होतं, घराएवढं, एका फेरीत सहा ओळी चाटून नेणारं. मागून पिवळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली गोल गाठ टाकत होतं. यंत्र आमच्या बाजूला आलं, थांबलं, टोपीवाला शेतकरी उतरला. मी ओळख करून दिली. म्हटलं, माझ्या वडिलांनी आयुष्यभर कापूस पारखला. तो काही बोलला नाही, वाकून एक पूर्ण फुटलेलं बोंड तोडलं आणि बाबांच्या हातावर ठेवलं.

बाबांनी सरकी बाजूला केली. पुंजका दोन चिमटीत धरला, ओढला, जोडला, परत ओढला. तिसऱ्या खेपेला डाव्या बोटांवर धाग्यांची सरळ झालर उभी राहिली. ती डोळ्यांजवळ नेली.

"अठ्ठावीसच्या वर," म्हणाले. मिलिमीटर.

शेतकऱ्याला मी इंचात सांगितलं. त्यानं भुवया उंचावल्या, म्हणाला, त्यांच्याकडे हे यंत्र सांगतं, आणि यंत्रानं साधारण हेच सांगितलंय. मग भाव निघाले. त्याचा पौंडाला सेंटात, बाबांचा क्विंटलला रुपयात. मंदार फोनवर गुणाकार करत राहिला आणि शेवटी तिघांचंही एकमत झालं की परवडत नाही.

निघताना बाबांनी विचारलं, "पहिले हाताने कोण वेचत होतं इथं, विचार त्याले." मी विचारलं नाही. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, शेताकडे पाहिलं, आणि गाडीत बसले. वेकफील्डला भाजलेल्या शेंगा घेतल्या, त्या घराघरात मिळतात तिथं.

सहावा दिवस : अपोमॅटॉक्स

हाच ४६० नंबरचा रस्ता उलट दिशेनं पश्चिमेला धरला की अपोमॅटॉक्स येतं. आताच्या गावात थांबू नका, दोन-तीन मैल पुढे 'अपोमॅटॉक्स कोर्ट हाउस' आहे. कोर्ट हाउस हे त्या जुन्या वस्तीचं नाव. ली ग्रँटला शरण आला तो इथं, आणि लोक कचेरीच्या इमारतीत शिरून त्या शरणागतीची खोली शोधत बसतात. ९ एप्रिल १८६५ ला रविवार होता, कचेरी बंद. म्हणून घर शोधलं गेलं आणि सापडलं ते विल्मर मॅक्लीनचं. मॅनॅससच्या चुलीत गोळा पडल्यावर लढाईपासून लांब, शांत जागी म्हणून तो इथं राहायला आला होता!

आम्हीही रविवारीच पोचलो. लख्ख ऊन, लाल मेपल. घर मूळचं नाही. १८९३ मध्ये वॉशिंग्टनला नेऊन मांडण्यासाठी उतरवलं, पैसे संपले, विटा तशाच पडून राहिल्या, पुढे त्याच जागी पुन्हा उभारलं. दिवाणखाना अगदी साधा. दोन टेबलं. ली एकीकडे, नव्या गणवेशात, ग्रँट दुसरीकडे, चिखलाच्या बुटांत. शर्ती सौम्य : शस्त्रं ठेवा, घरी जा, स्वतःचे घोडे घेऊन जा, पेरणी आली आहे. शर्तींची स्वच्छ प्रत लिहिली ईली पार्कर या अधिकाऱ्यानं, जो सेनेका आदिवासी होता. सह्या झाल्यावर अधिकाऱ्यांनी खोलीतलं सामान आठवण म्हणून उचलून नेलं, मॅक्लीनच्या मुलीची चिंध्यांची बाहुलीसुद्धा. ती आता परत इथल्या संग्रहालयात आहे. आईनं तिचाच फोटो काढला.

समोरच्या खानावळीत छापखाना मांडला आहे. शरण आलेल्या प्रत्येक सैनिकाला सुटकेची चिठ्ठी, तशा सुमारे २८,००० वाटल्या. नाव, हुद्दा, तुकडी, सही. चिठ्ठी दाखवली की रस्त्यात कुणी अडवणार नाही. बाबांनी जन्मभर काटापट्ट्या फाडल्या होत्या, त्यांना ही व्यवस्था फार पसंत पडली.

मग ते एकटेच मॅक्लीनच्या घरामागे गेले. तिथं स्वयंपाकघर आहे आणि गुलामांच्या राहण्याची खोपटी. मी गेले तेव्हा दारात उभ्या तरुण रेंजरला ते खुणेनं काहीतरी विचारत होते, बोटानं हवेत चौकोन काढून.

"याले विचार, इथं राहत होते त्यायले भेटली का चिठ्ठी?"

मी विचारलं. रेंजरनं मान हलवली. "त्यांच्यासाठी असा कागद छापला नव्हता." तेरावी दुरुस्ती राज्यांकडून मंजूर होऊन लागू व्हायला डिसेंबर उजाडला. त्याच्या कितीतरी आधी, १४ एप्रिलच्या रात्री, लिंकनला गोळी लागली होती.

परतीच्या वाटेवर बाबांनी खिशातून कालचं बोंड काढलं. विमानात नेता येईल का? सरकीसकट नाहीच, मंदार म्हणाला. बाबांनी सरकी एकेक करून काढली आणि कागदाच्या पुडीत बांधून मला दिली. कापूस आईनं घेतला. घर येईपर्यंत मागच्या सीटवर मांडीवर तिनं दोन वाती वळल्या होत्या. एक त्याच संध्याकाळी देवापाशी लावली. दुसरी बाबांच्या पाकिटात, पासपोर्टच्या फोटोमागे.